तिसरा पाइप

१

दोन हजार तीनच्या मे महिन्यात, गोरेगावच्या शिवारात, भर सकाळी माझ्या बोअरच्या गाडीचा पाइप तुटला. एका महिन्यातला हा तिसरा. वरून चौथा पाइप जोडाच्या पेचात, आट्यातच मोडला आणि त्याखालचे सगळे पाइप, दगड फोडणारा हॅमर, त्याच्या टोकाचं बिट, सगळं जमिनीच्या पोटात राहिलं.

मी सुकन्या, कळमनुरीची. नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, गाडी विकून टाका, हे बाईमाणसाचं काम नाही. मी म्हटलं, तुमचं काम तुम्ही बघा. चार वर्षं झाली, गाडीचा धंदा मीच चालवून राहिले. जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे, कुणी नव्यानं सांगायची गरज नाही.

इंजिन बंद केलं, कॉम्प्रेसर बंद केला. शिवार एकदम गप्प झालं. लिव्हरपाशी रामकिशनदादा उभा होता. माझ्या नवऱ्याच्या वेळेपासूनचा आमचा ऑपरेटर, वय पंचावन्नच्या पुढं. बोअर सुरू करायला नारळ फोडताना सगळेच चपला काढतात, पूजा झाली की घालतात. पण हा बाबा वर्षभरापासून बोअर संपेपर्यंत त्या तापल्या लोखंडी फळीवर अनवाणीच उभा राहायचा. लई भक्तीचा माणूस, असं आम्ही सगळे म्हणायचो. मी त्याला तीनदा हाक मारली, तेव्हा कुठं त्यानं मान वळवली. मला वाटलं, धक्का बसलाय बिचाऱ्याला.

त्याच दिवशी नांदेडहून पुष्कर आला होता. बोअरच्या गाड्यांचे सुटे भाग विकतो, गोड बोलतो. वर आलेलं तुटकं टोक त्यानं रुमालानं पुसलं आणि बोट फिरवलं. अर्धी कडा खडबडीत, अर्धी एकदम गुळगुळीत.

"मॅडम, रागावू नका, पण हे कापल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

झालं! माझं डोकं फिरलं. पाइप जोडणारा आणि काढणारा माणूस एकच, थावरा. आठच दिवसांपूर्वी तो म्हणाला होता, "बाई, आमच्या तांड्यावर पाणी न्हाई, पुढचा बोअर तिथं घ्या." मी म्हटलं होतं, तुझ्या तांड्याचा नंबर सातवा आहे, नंबर आला की घेऊ. मी त्याची पिशवी उघडायला लावली. भाकरी, तंबाखूची डबी आणि लोखंड कापायची करवत.

"ही काहून आणली?"

"हापशाचा दांडा कापायचा होता, बाई. तांड्यावरचा हापसा मोडलाय."

"अन माझे पाइप? ते कुणी कापले?"

"म्या न्हाई कापले. गाडी लई थरथरून राहिली हे म्या तुमाला तीनदा सांगितलं..."

"गप्प बस!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या रस्त्यावरची जीप थांबली. पन्नासेक माणसं जमली. मी त्यांच्यासमोर थावराला चोर म्हटलं, हरामखोर म्हटलं. "शुक्रवारपर्यंत कबूल हो, न्हाई तर ठाण्यात नाव देते."

थावरानं पिशवी उचलली आणि उन्हातून तांड्याच्या वाटेला लागला. सगळे माझ्याकडं बघत होते. रामकिशनदादा तेवढा खाली, तुटक्या पाइपाकडं बघत उभा होता.

२

अडकलेला हॅमर वर काढायचा तर त्याला धरून ओढणारं हत्यार लेथवर कातून घ्यावं लागतं. त्यासाठी दुसऱ्या दिवशी मी तुटकं टोक जीपमध्ये टाकून हिंगोलीला राधाकृष्णकडं गेले.

राधाकृष्ण देवळातल्या पुजाऱ्याच्या घरातला. सकाळी देवाला गंध लावतो आणि अकरा वाजता लेथ चालू करतो. कपाळावर चंदन, हाताला काळं तेल. बोलतो कमी आणि तेही असं हळू, की माझ्यासारखीला चीड येते.

त्यानं टोक हातात घेतलं, उजेडात नेलं, भिंग लावलं. मी म्हटलं, "बघायचंय काय त्यात? कापलंय ते. हत्यार कधी देता ते सांगा."

"सुकन्याताई, जरा बसा," तो म्हणाला. तिथलाच एक जुना पाइप त्यानं शिकंज्यात धरला, करवतीनं निम्मा कापला आणि हातोड्यानं तोडला. दोन्ही टोकं माझ्यासमोर ठेवली. "आता तुम्हीच सांगा, फरक काय?"

करवतीनं कापलेल्या कडेवर सरळ ओरखडे होते, एकाशेजारी एक. माझ्या पाइपाच्या गुळगुळीत भागावर तसा एकही ओरखडा नव्हता. तिथं गोलसर, बारीक रेघा होत्या. तळ्याचं पाणी आटताना काठावर उमटतात तशा, एकात एक.

"प्रत्येक रेघ म्हणजे चीर थोडी पुढं सरकली," राधाकृष्ण म्हणाला. "अन या गुळगुळीत भागावर बघा, तांबूस गंज आहे. खडबडीत भागावर नाही. चीर पडून पंधरा-वीस दिवस तरी झाले असतील. रोज थोडी वाढली, अन राहिलेलं लोखंड काल एका झटक्यात गेलं. तो खडबडीत भाग कालचा."

"पण सुरुवात तरी कुणी करवतीनं केली असंल?"

त्यानं करवतीचं पातं काढून माझ्या हातात दिलं. "चीर आट्याच्या खोबणीच्या तळातून निघालीय. घाला बघू पातं तिथं."

मी आडवं घालून बघितलं, तिरपं घालून बघितलं. खोबण अरुंद, पातं तळापर्यंत जाईचना. मी पातं खाली ठेवलं. पन्नास माणसांसमोर मी काय काय बोलले होते ते सगळं आठवलं.

"म्हणजे आपोआप तुटला?"

"नाही," तो म्हणाला. "लोखंड थकलंय. सारखी थरथर बसली की थकतं. पण तुमच्या गाडीला तर थरथर खाणारं रबर बसवलेलं आहे ना? मग एवढी थरथर आली कुठून?"

३

त्या रबराची गोष्ट सांगायला पाहिजे. आमचा हॅमर हवेच्या जोरावर खाली दगड फोडतो. प्रत्येक ठोक्याचा हिसका पाइपातून वर चढतो, फिरवणाऱ्या मशीनला बसतो, तिथून सगळ्या गाडीला आणि उलटा पुन्हा पाइपाला. तो हिसका खायला मशीन आणि पाइप यांच्या मध्ये एक जाड डबा बसवतात. त्यात रबराच्या चकत्या असतात. दिवाळीनंतर पुष्करकडून मी तो घेतला आणि पुढचे चार महिने एकही पाइप तुटला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी राधाकृष्ण पूजा उरकून माझ्याबरोबर गोरेगावला आला. आधी त्यानं धर्मसिंगला गाठलं. धर्मसिंग आमचा गाडीचा ड्रायव्हर, कॉम्प्रेसरही तोच सांभाळतो.

"गाडी कधीपासून जास्त हलून राहिली?"

"महिना, सव्वा महिना झाला असंल," धर्मसिंग डोकं खाजवत म्हणाला. "आधी मी चहाचा गिलास बोनेटवर ठेवायचो. आता ठेवला की खाली. हेडलाइट सुतळीनं बांधलाय बघा. नटं तर रोज सकाळी आवळतो."

"हळूहळू वाढलं का एकदम?"

"एकदम. आखाडा बाळापूरचा बोअर झाला, गाडी दोन दिवस उभी होती. तिसऱ्या दिवशी चालू केली तर खटारा."

"त्या दोन दिवसांत गाडीजवळ कोण होतं?"

"मी घरी गेलतो. थावरा अन रामकिशनमामा होते राखणीला." मग तो घाईनं म्हणाला, "पुष्करसाहेबबी येऊन गेलते म्हणतात."

मी पुष्करला फोन लावला. गोरेगावच्या बूथवर उभी राहून त्याला जे काही ऐकवलं ते इथं लिहीत नाही. तो बिचारा गडबडून गेला. "मॅडम, ते रबर वर्षभर टिकतं. मी बाळापूरला आलो होतो ते बिट दाखवायला. डब्याला मी हातही लावला नाही. तुम्ही डबा उघडा, रबर खराब निघालं तर मी नवं फुकट देतो!"

राधाकृष्ण म्हणाला, "विकणारा माणूस स्वतः म्हणतोय उघडा. उघडूया."

मोठा पाना लावून धर्मसिंगनं डबा खोलला. राधाकृष्णनं आत हात घालून एक चकती बाहेर काढली आणि माझ्या हातावर ठेवली. हात एकदम खाली गेला, एवढं वजन.

रबर नव्हतंच. आत लोखंड भरलं होतं.

४

"कोण तो मुडदा!" मी म्हटलं. "रबर चोरून विकलं आणि लोखंड कोंबलं."

राधाकृष्ण चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "गॅसनं कापलीय. पण कडा बघा, कानशीनं घासून किती गुळगुळीत केल्यात. डब्याला एक चरा पडू दिला नाही. चोर एवढी मेहनत घेत नाही. अन गाडीचं वाटोळं करायचं असतं तर डबा नुसता रिकामा ठेवला असता. ज्यानं हे केलं त्याचं या गाडीवर प्रेम आहे."

"प्रेम! माझा हॅमर जमिनीत गेला त्याच्या प्रेमापायी!"

"रबर गाडीतच असेल," तो म्हणाला.

आणि होतंच. अवजारांच्या पेटीत, अगदी तळाला, तेल लावलेल्या गोणपाटात गुंडाळलेलं. सगळ्या चकत्या ओळीनं, मध्ये कागद घालून. कुणीतरी ते पुन्हा बसवायचं म्हणून जपून ठेवलं होतं.

रामकिशनदादा बाभळीखाली बसला होता. आम्ही त्याच्यासमोर जाऊन बसलो. राधाकृष्णनं विचारलं, "मामा, डब्यातलं रबर कुणी काढलं असेल?"

रामकिशनदादानं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मला काय म्हाईत? लेथवालं काम तुमचं. दगडाचं विचारा, दगडाचं सांगतो."

"बरं, दगडाचं सांगा. खाली काळा खडक लागला का गेरू लागला, ते कसं कळतं?"

त्याचा चेहरा उजळला. "लिव्हरवर हात ठेवायचा. काळा खडक टणटण मारतो, कोपरापर्यंत येतो. गेरू लागला की हात सुस्त पडतो. पाण्याची भेग आली की पायाखालची फळी मध्येच एक श्वास सोडती. दगड बोलतो, आपण ऐकायचं."

राधाकृष्णनं पुढं काही विचारलं नाही. बाजूला आल्यावर मला म्हणाला, "ताई, आपण उगाच विचारत बसलो की रबर कुणी काढलं. उलटं विचारा. थरथर कुणाला हवी होती?"

५

त्यानं एक प्रयोग केला. तसला प्रयोग करताना त्याला वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं.

रामकिशनदादा पाठमोरा उभा राहून पाइप पुसत होता. इंजिन बंद, वारा बंद. राधाकृष्णनं त्याच्या मागं दहा पावलांवर जाऊन तो मोठा पाना लोखंडी ड्रमवर आपटला. धाडकन! मी दचकले. धर्मसिंग केबिनमधून उतरला. झाडावरचे बगळे उडाले.

रामकिशनदादा पाइप पुसत राहिला.

राधाकृष्ण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तीस वर्षं कॉम्प्रेसरच्या शेजारी उभा आहे हा माणूस. कान गेले. मग हातानं अन पायानं ऐकायला लागला. अनवाणी उभा राहतो ते त्यासाठी. पूजेत चपला काढायची रीतच आहे आपली, म्हणून कुणाला शंका आली नाही. दिवाळीनंतर तुम्ही रबर बसवलं. गाडीला आराम पडला, पण याला वर काहीच कळेना. तुमच्या गाडीवर एकाच माणसाला त्या थरथरीची गरज होती, अन डबा खोलायची अक्कल अन वेळ दोन्ही त्याच्याकडं होतं. थावराला रबर काढून काय मिळणार? उलट तोच तर सांगत होता तुम्हाला, गाडी थरथरतेय म्हणून."

मी रामकिशनदादाच्या समोर जाऊन उभी राहिले. लोखंडी चकती त्याच्यापुढं धरली.

तो चकतीकडं बघत खाली बसला.

"रबर बसलं अन माझा हात मुका झाला, वहिनी," तो म्हणाला. "बाळापूरच्या बोअरला मऊ माती कुठं संपली ते कळलंच न्हाई. माती धरणारं केसिंग दहा फूट कमी पडलं, बोअर ढासळला. बोअरवाल्या शेतकऱ्यानं तोंडावर पदर घेतलेल्या बायकोकडं बघितलं, मी ते बघितलं. त्या दिवशी ठरवलं. चकत्या मीच कापल्या. थावराला चहाला धाडून दिलं. हाताला पुन्हा दिसाया लागलं बघा. पाइप मोडतील हे डोक्यात आलं न्हाई. मी त्यो हिसका हाताला सोसत होतो, म्हटलं लोखंडाला काय होतंय?"

"मला सांगायचं होतंत!" मी ओरडले. मग ओरडायचं कारण पाइप नाहीत हे लक्षात आलं. "कान गेले हे सांगायचं होतं, दादा."

"बहिऱ्या ऑपरेटरच्या हाती लिव्हर कोण देतो? तुमी तरी दिली असती का?"

नसती दिली.

"अन थावरा?" राधाकृष्णनं विचारलं, ओठ स्पष्ट हलवत.

रामकिशनदादानं मान खाली घातली. "वहिनी त्याला बोलून राहिल्या तवा मला काई कळलं न्हाई. वाटलं, कामावरून बोलतात. सांजच्याला धर्मसिंगनं सांगितलं. तवाच तोंड उघडाया पायजे होतं. म्हटलं, दोन दिवसांत राग जाईल वहिनीचा. तीन दिवस झाले, भाकर गोड लागंना."

राधाकृष्णनं रबर परत बसवलं. धर्मसिंगला म्हणाला, चहाचा गिलास ठेव बोनेटवर. इंजिन चालू केलं, पाइप बोअरात वरच्या वरच फिरवला. गिलासातला चहा नुसता हिंदकळला. रामकिशनदादानं सवयीनं लिव्हरवर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला.

"मामा, दगड नुसता हातालाच बोलतो असं थोडंच आहे?" राधाकृष्ण त्याला म्हणाला. "बोअरमधून चुरा बाहेर पडतो, त्याचा रंग आहे, दाणा आहे. तुमच्याइतका चुरा कुणी पाहिलाय? लिव्हर दुसऱ्याला धरू द्या. तुम्ही चुरा बघून हात वर करा, खाली करा."

"लिव्हर थावराला," रामकिशनदादा लगेच म्हणाला. "थरथर त्यालाच कळली होती. पण तो आता येतो कशाला?"

शुक्रवार होता. थावराला दिलेली मुदत आज संपत होती.

६

आम्ही चौघं तांड्यावर गेलो. लिंबाखाली तांड्याचा मुखिया, नायक बसला होता, आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं. थावरा उठला नाही. त्याची बायको धुरपताबाई कमरेवर हात ठेवून समोर येऊन उभी राहिली.

"ठाण्यात न्यायला आलात का, बाई? न्या. पोटभर जेवून तयार बसलाय."

मी बोलायच्या आतच रामकिशनदादा पुढं झाला. नायकासमोर जाऊन त्यानं पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "पाइप थावरानं न्हाई मोडले. माझ्यामुळं मोडले. रबर म्या काढलं. त्याचं नाव जात असताना म्या गप्प बसलो. मला कानानं ऐकू येत न्हाई, हेबी म्या चोरून ठेवलं होतं. आता सगळ्यांनी ऐका."

मग धुरपताबाई बोलत सुटली. तीन दिवसांत गोरेगावच्या बाजारात तिच्या नवऱ्याला माणसं बोट दाखवून राहिली, दुकानदारानं तंबाखूची पुडी हातात न देता लांबून फेकली, माहेरहून भाऊ विचारायला आला की खरं काय ते सांग. ती बोलत होती आणि रामकिशनदादा हात जोडून तिच्या तोंडाकडं बघत होता. ती इतक्या भरभर बोलत होती की ओठांवरून त्याला काही लागेना.

"काय म्हणती ती?" त्यानं मला विचारलं.

अगदी कानाला लागून ओरडलं तर त्याला थोडं लागत होतं, म्हणून मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक वाक्य मोठ्यानं सांगितलं. बाजारातलं बोट. तंबाखूची पुडी. माहेरचा भाऊ. सगळा तांडा ऐकत होता. प्रत्येक वाक्याला तो मान हलवत होता. "बराबर हाय," तो म्हणाला. "बराबर बोलती."

थावरा आता उठला. रामकिशनदादाच्या हातातलं पागोटं घेऊन त्यानं ते त्याच्या डोक्यावर ठेवलं. "मामा, मला का न्हाई सांगितलं? म्या झालो असतो तुमचे कान," असं काहीतरी तो म्हणाला, आणि तेही त्याला ऐकू गेलं नाही. मी ते कानात सांगितलं तेव्हा म्हातारा रडला.

मला वाटलं, झालं. मी नायकाला म्हटलं, "उद्यापासून थावरा लिव्हरवर. अन हॅमर निघाला की पुढचा बोअर तुमच्या तांड्यावर." माझ्या मते मी फार मोठं काही देत होते.

धुरपताबाई हलली नाही. "मामांला ऐकू येत न्हाई, बाई. त्यांचं मी समजू शकते," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "पण माझ्या नवऱ्यानं तीनदा येऊन सांगितलं, गाडी थरथरून राहिली. तुमाला तर ऐकू येतं ना?"

लिंबाखाली सगळे माझ्याकडं बघत होते. राधाकृष्णसुद्धा.

मी थावराकडं वळले. "तू तीनदा सांगितलंस," मी म्हटलं. "मी ऐकलं न्हाई. वर तुलाच चोर म्हटलं. चुकलं माझं, थावरा."

"मोठ्यानं म्हणा," धुरपताबाई म्हणाली. "मागं म्हातारी माणसं बसलीत."

मी मागच्या म्हाताऱ्यांकडं तोंड केलं, आणि पुन्हा मोठ्यानं म्हटलं.